पाणी ओतू नका, बर्थाबाई!

"विहीर कुणाची?" बर्थाने विचारलं.

"तुमची," श्यामसुंदर वकील म्हणाले.

"उंबर कुणाचा?"

"तोही तुमचाच."

"मग त्या म्हशीवाल्याची वरात माझ्या विहिरीवर नाचत येणार, आणि मी घरात तोंडाला कुलूप लावून बसायचं? वा रे तुमचा कायदा!"

वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. पार्ल्याहून सायकल मारत आलेला माणूस, फेब्रुवारीच्या दुपारी अंगात काळा कोट, घामाने पार भिजलेला. पण बर्थाबाईंसमोर कोट काढायची त्यांची टाप नव्हती. "बर्थाबाई, नीट ऐका. मंगळवारी तारीख आहे. तुमच्या नातीचा, इव्हाचा, ताबा तुम्हाला मिळावा असा आपला अर्ज आहे. त्यात काय लिहिलंय? की आईने दुसरं लग्न केलं तर मुलीचं हित धोक्यात येईल, आणि या लग्नाला तुमचा विरोध आहे. आता तुम्हीच जर पाणी काढून दिलंत, गाणी म्हटलीत, तर समोरचा वकील विचारेल की हा कसला विरोध? पाणी नेऊ द्या त्यांना. तुम्ही फक्त बाहेर पडू नका. एवढं एकच करा."

"एवढं एकच," बर्था पुटपुटली, आणि तिने खिडकीतून विहिरीकडे अशी नजर टाकली, जणू विहीरच फितूर झाली होती.

खरं तर चूक तिचीच होती, आणि तेच तिला खात होतं. महिनाभरापूर्वी अर्ज घातला तेव्हा तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, "विधवेच्या लग्नाला कसला उंबर आणि कसलं पाणी! चर्चमध्ये पहाटेच्या मिसाला जातील, गुपचूप अंगठ्या घालतील, संपलं." आमच्या चकाल्यात रीतच तशी. दुसरटकीच्या दारात बँड वाजत नाही. पण एक गोष्ट बर्थाच्या डोक्यातून साफ निसटली. तिची सून एडना विधवा असली तरी एडनाचा होणारा नवरा गिल्बर्ट कोरा होता! त्याचं पहिलंच लग्न. आणि पहिल्या लग्नाच्या नवऱ्याला उंबराचं पाणी पाहिजेच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लाल लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर जाणार, उंबराखालचं पाणी कळशीत भरणार, आणि त्या पाण्याने आई लेकाला न्हाऊ घालणार. गावात उंबराची विहीर एकच. ती मिस्किटांच्या अंगणात, म्हणजे बर्थाच्या.

त्यातून गिल्बर्टला आई नाही. आई नसलेल्या नवऱ्याला घरी नेत नाहीत, विहिरीच्या काठावरच पाटावर बसवतात. आणि जी बाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतेल, ती त्याची आई. नुसती त्या दिवसापुरती नव्हे, मरेपर्यंत. तिचं दुखलंखुपलं त्याने बघायचं, त्याच्या पोरांना तिने जेवू घालायचं. गिल्बर्टच्या वाट्याला या कामासाठी आली होती त्याची नातालीन मावशी.

"नातालीन!" बर्था म्हणाली. "तिला स्वतःच्या कोंबड्या सांभाळता येत नाहीत, ती आई होणार!"

"तो आपला प्रश्न नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मुलगी कुठंय?"

हा प्रश्न गेला आठवडाभर दोन्ही घरांत दिवसातून दहादा विचारला जात होता. वकीलसाहेब एकदा बोलून गेले होते, "तारखेच्या दिवशी मूल ज्याच्याकडे, त्याचं पारडं जड." तिकडे एडनाचा भाऊ डेनिस फोर्टात एका सॉलिसिटरकडे कारकून, त्यानेही कुठून तरी हेच ऐकलं होतं. झालं! सहा वर्षांची इव्हा सकाळी आजीच्या ताब्यात, दुपारी आईच्या, संध्याकाळी पुन्हा आजीच्या. पळवापळवीला हत्यार म्हणजे खाऊ. पोरीची चैन चालली होती. दोन नाश्ते, दोन जेवणं, वर दोन्हीकडे "जज्जसाहेब विचारतील तेव्हा काय सांगशील?" ही शिकवणी. इव्हा दोन्हीकडे बरोबर उत्तर द्यायची.

"आत आहे," बर्था म्हणाली. "अर्बनजवळ बसलीय."

अर्बन म्हणजे बर्थाचा धाकटा. थोरला सायमन तीन वर्षांपूर्वी टायफॉइडने गेला. त्याची बायको एडना, त्याची पोर इव्हा. नाताळापर्यंत दोघी याच घरात होत्या. मग एडनाने आरे कॉलनीत राहून म्हशी सांभाळणाऱ्या गिल्बर्टला होकार दिला, आणि त्याच दिवशी ट्रंक उचलून डेनिसकडे गेली, क्रुसाच्या पलीकडे. तेव्हापासून बर्थाला रात्री झोप नव्हती. इव्हाला झोपताना आजीच्या कानाची पाळी धरून ठेवायची सवय. आता ती पाळी रात्रभर मोकळीच. बर्था कुणाला हे सांगत नव्हती. ती सांगायची ते वेगळंच:

"आरे कॉलनीत वाघ आहेत, वकीलसाहेब. लिहिलंत ना ते?"

"लिहिलंय."

"आणि ते बाटलीतलं दूध. कुठल्या म्हशीचं, कुणाला ठाऊक! माझ्या नातीने तसलं दूध प्यायचं?"

"ते नाही लिहिलं," वकीलसाहेब म्हणाले. "सरकारी दूध आहे."

---

क्रुसाच्या पलीकडे डेनिसच्या स्वयंपाकघरात फुगे तळणं चाललं होतं. एडना पीठ मुठीतून दाबून एकेक गोळा कढईत सोडत होती, गोळा टम्म फुगत होता, आणि तिचं लक्ष कशातच नव्हतं. बाहेर बायका लुगडी नेसत होत्या, हसत होत्या, कुणीतरी "सरबत" वाटत होतं. दारूबंदीच्या राज्यात आमच्या गावात सरबत फार खपायचं.

"ताई, एवढं तोंड पाडू नकोस," डेनिस म्हणाला. "केस आपली पक्की आहे. बाप गेल्यावर आईच पालक. दुसरं लग्न केलं म्हणून आईपण जात नाही. कायद्यात आहे."

"तो मुद्दा नाहीच त्यांचा."

"मग?"

एडनाने झारा खाली ठेवला. "श्यामसुंदर वकील मला क्रुसापाशी भेटले. सभ्य माणूस. म्हणाले, एडनाबाई, मी तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहे, आधीच सांगून ठेवतो. सावत्र बापावर पोरीला पोसायची कायद्याने काही जबाबदारी नाही. आज प्रेम आहे. उद्या त्याची स्वतःची पोरं झाली तर? इव्हाच्या शाळेचं, कपड्याचं, आजारपणाचं कोण बघणार? अर्बन बघतोय, तो सख्खा काका आहे. गिल्बर्ट कोण आहे? डेनिस, गिल्बर्ट कोण आहे रे तिचा?"

डेनिसला सॉलिसिटरच्या हापिसात असला प्रश्न कधी पडला नव्हता. त्याने एक फुगा तोंडात टाकला आणि जीभ पोळून घेतली.

तेवढ्यात मागच्या दाराने गिल्बर्टच आत आला. लग्नाआधी नवऱ्याने नवरीच्या घरात पाय टाकायचा नसतो, पण त्याला सरळ वळण कधी नव्हतंच. उंच, हाडापेरानं मोठा, आणि कोटाच्या बाह्या आखूड.

"मला पण वकिलाने तेच विचारलं," तो म्हणाला. "मंगळवारी विचारणार म्हणे."

"मग काय सांगशील?" एडनाने विचारलं.

"सांगेन की पोसणार."

"बस?"

"अजून काय सांगू?" गिल्बर्ट गोंधळला. "पोसणार म्हणजे पोसणार ना."

एडनाला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. या साध्या माणसावर ती मनापासून प्रेम करत होती, आणि मंगळवारी कोर्टात त्या प्रेमाची किंमत शून्य होणार होती. तिने पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि मग डोळ्यांत पीठ गेलं म्हणून खरोखरच रडली.

"जा आता," ती म्हणाली. "नातालीन मावशी थांबलीय तुझी. आणि पाणी ओतताना डोळे मिट, तिचा नेम चुकतो."

---

इकडे बर्थाच्या घरात अर्बनची वेगळीच वाट लागली होती. चकाल्याच्या बँडमधला कॉर्नेट तोच वाजवायचा. सकाळीच आईने कॉर्नेट कपाटात घालून चावी कनवटीला लावली होती. "माझ्या शत्रूच्या वरातीत माझा पोरगा पिपाणी वाजवणार नाही," असा हुकूम होता. अर्बनला शत्रुत्व जमत नसे. गिल्बर्टबरोबर तो लहानपणी याच विहिरीत पोहायला शिकला. एडनावहिनीच्या हातचा विंदालू त्याला आवडायचा. इव्हाच्या शाळेची फी तो भरत होता ते सायमनसाठी, कोर्टासाठी नव्हे. वकिलांनी अर्जात त्याचं नाव घातलं, तर त्याला नुसतं कसंसंच झालं.

बाहेर बँड सुरू झाला. कॉर्नेटशिवाय. एक ढोल, एक बाजा, एक घुमट, आणि मध्ये एक मोठं भोक, जिथे अर्बन असायला हवा होता.

"काका, ते चुकतायत," इव्हा म्हणाली.

"चुकत नाहीत गं. मी नाहीये ना."

"मग जा ना!"

अर्बनने दाराच्या फटीतून पाहिलं. आई खिडकीला चिकटली होती, वकीलसाहेब तिच्या पाठीशी पहारेकऱ्यासारखे उभे होते. अर्बनने पोरीला खांद्यावर घेतलं, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडला, आणि घुमटवाल्याच्या हातातलं घुमट काढून स्वतःच बडवायला लागला. कॉर्नेट नाही तर नाही! खांद्यावरची इव्हा टाळ्या वाजवत होती. वरातीतल्या बायकांनी जल्लोष केला. एडना सगळ्यांच्या मागे होती. मिस्किटांच्या अर्बनच्या खांद्यावर आपली पोर बघून ती आधी दचकली आणि मग मोठ्याने हसली. बर्थाच्या पक्षातला एक माणूस फुटला होता!

---

खिडकीत बर्था हे सगळं पाहत होती. "अर्बन! अरे मेल्या!" ती ओरडली, पण घुमटाच्या आवाजात तिचं ऐकणार कोण?

"शांत, बर्थाबाई," वकीलसाहेब म्हणाले. "खिडकीतून पाहायला हरकत नाही."

विहिरीच्या काठावर मेणबत्त्या लागल्या. नारळ फुटला. गिल्बर्ट पाटावर बसला, गुडघे हनुवटीला लागले. नातालीन मावशीने कळशी विहिरीत सोडली आणि गाणं सुरू केलं.

गाणं असं होतं की आधी उंबराची परवानगी मागायची, मग विहिरीची, मग विहिरीच्या मालकिणीची, मग विहिरीच्या आणि नवऱ्याच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, आणि शेवटी नवऱ्याचं नाव. चाळीस वर्षं चकाल्यात हे गाणं बर्थानेच सांगितलं होतं. सगळ्या गावाची लग्नं तिच्या गळ्यातून गेली होती. नातालीन मावशीने सुरुवातच नवऱ्याच्या नावाने केली.

बर्थाने खिडकीचे गज घट्ट धरले.

मावशीने दुसऱ्या कडव्यात उंबर घेतला. तिसऱ्यात पुन्हा नवरा. बायका मागे म्हणत होत्या, पण प्रत्येकीची वेगळी ओळ. बाजा एकीकडे, ढोल दुसरीकडे. मग मावशी मालकिणीच्या कडव्याला आली, थांबली, खिडकीकडे पाहिलं, घाबरली, आणि ते कडवं गाळून पुढे गेली.

"मला गाळलं," बर्था म्हणाली.

"उत्तमच झालं. मंगळवारी उपयोगी पडेल."

"गेलेल्यांची नावं पण गाळणार ती. बघा तुम्ही."

मावशीने ती पण गाळली. सरळ शेवटाला आली, आणि कळशी वर ओढायला लागली.

"सायमनचं नाव नाही घेतलं," बर्था म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या विहिरीवर, वकीलसाहेब. माझ्या सायमनच्या विहिरीवर. त्याच्या पोरीच्या देखत."

"बर्थाबाई—"

बर्था निघाली होती. वकीलसाहेबांनी तिला अडवायचा प्रयत्न केला असं म्हणतात, पण ज्यांनी बर्थाला दारातून निघताना पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की तो प्रयत्नच असू शकतो. ती अंगण ओलांडून विहिरीवर आली आणि ओरडली, "थांबवा ते रडगाणं! नातालीन, कळशी खाली ठेव. अर्बन, ठेका धर. तुला कॉर्नेट पाहिजे? घे!" आणि कनवटीची चावी तिने त्याच्या अंगावर फेकली.

मग काय विचारता! अर्बन पळत गेला आणि कॉर्नेट घेऊन पळत आला. बर्थाने पदर खोचला आणि पहिल्यापासून गाणं धरलं. उंबराला विचारलं. विहिरीला विचारलं. मालकिणीच्या कडव्याला ती आली, छातीवर हात ठेवला, आणि स्वतःच स्वतःला परवानगी दिली. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मग गेलेल्यांची नावं. आजा, आजी, नवरा, गिल्बर्टची आई. आणि शेवटी सायमन. तिथे बर्था अडली. सायमनचं नाव तिने कधी या गाण्यात घातलंच नव्हतं. तो गेल्यापासून तिने एकाही लग्नात गाणं म्हटलं नव्हतं.

मागून एडनाने नाव घेतलं. "सायमन," ती गात म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी ते उचललं.

वकीलसाहेब धापा टाकत पोचले तेव्हा बर्था कळशी उचलत होती.

"गाणं म्हटलंत, ठीक आहे!" ते कळवळून म्हणाले. "भजन म्हणून सांगू! पण पाणी ओतू नका, बर्थाबाई! केस गेली म्हणून समजा!"

बर्थाने कळशी कमरेवर घेतली आणि गिल्बर्टकडे खाली पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता, नातालीन मावशीच्या नेमाची वाट बघत.

"काय रे म्हशीवाल्या," ती म्हणाली. "वकील विचारतायत, माझ्या नातीला तू का पोसशील? कोण तू तिचा?"

गिल्बर्टने डोळे उघडले. अर्बनने कॉर्नेट तोंडापासून काढला.

"अजून कुणीच नाही," गिल्बर्ट म्हणाला. "पण पोसणार."

"आणि तुझी पोरं झाली म्हणजे?"

"मग काय, जास्त माणसं जेवायला." तो जरा विचार करून म्हणाला, "म्हशी पण आहेत."

कुणीतरी हसलं. बर्था हसली नाही. ती वकीलसाहेबांकडे वळली.

"वकीलसाहेब, मी हे पाणी ओतलं तर हा माझा पोरगा. बरोबर?"

"गावाच्या दृष्टीने असेल, पण—"

"माझा पोरगा म्हणजे सायमनचा भाऊ. सायमनचा भाऊ म्हणजे इव्हाचा काका. सख्ख्या काकाने पोसायचं, हे तुम्हीच अर्जात लिहिलंय. मग आता बोला, माझा मुद्दा राहिला कुठे?"

"बर्थाबाई, कायद्यात असं काही नाही!"

"कायद्यात नसेल," बर्था म्हणाली. "चकाल्यात आहे."

आणि तिने कळशी ओतली. अख्खी. अर्धी गिल्बर्टच्या डोक्यावर, उरलेली वकीलसाहेबांच्या बुटांवर आणि कोटावर. कॉर्नेट असा काही वाजला की उंबरावरचे कावळे उडाले. नातालीन मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला आई व्हायचंच नव्हतं. डेनिसने भिजलेल्या वकीलसाहेबांच्या हातात सरबताचा पेला दिला. त्यांनी एका दमात संपवला, क्षणभर विचारात पडले, आणि पेला पुन्हा पुढे केला.

"मंगळवारी काय सांगू मी जज्जना?" त्यांनी विचारलं.

"सांगा, अर्ज मागे. आजीला मुलगा मिळाला, नात घरातच राहिली," डेनिस म्हणाला.

"अशा तऱ्हेने मी आजवर दावा हरलो नव्हतो," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. शेवटी त्यांनी कोट काढला.

बर्था गिल्बर्टचं डोकं पदराने पुसत होती. ती कानामागून पुसायला लागली, आणि तिचा हात थांबला. सायमनच्याही कानामागे असंच ओलं राहायचं, आणि मग तो शिंकायचा. ती रडू लागली, सगळ्यांसमोर, मोठ्याने, आणि तिने तोंड लपवलं नाही. एडना गर्दीतून पुढे आली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघींची लुगडी भिजून एकमेकींना चिकटली. इव्हा अर्बनच्या खांद्यावरून खाली उतरली आणि त्या दोघींच्या मध्ये घुसायला लागली.

"पोर तुझी आहे गं," बर्था म्हणाली. "तुझीच. पण तिला माझा कान लागतो झोपताना. आणि मला पण लागतो... तिचा हात लागतो मला. शनिवारी तेवढी पाठवशील?"

एडनाला ते माहीत होतं. आरेमध्ये पोर झोपेत कुणाचा कान शोधेल याची तिलाही काळजी होती. तिने मान डोलावली.

"मी आणीन तिला," गिल्बर्ट पाटावरून म्हणाला. अंगातून पाणी गळत होतं, दात वाजत होते. "दर शनिवारी आणीन, माय."

बर्थाने नाक पुसलं, पदर सारखा केला, आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आईकडे रिकाम्या हाताने येऊ नये," ती म्हणाली. "येताना दूध आण. बाटलीतलं चालेल."